रेवदंडा: तटाच्या आतल्या गावाला एक वळसा, कुठून आणि कसा घालावा?

पायवाट

रेवदंड्याला जाणारे बहुतेक जण एक तर वाळूत बसून परत फिरतात, नाही तर गाडीतूनच दरवाजा बघून पुढे मुरूडला निघतात. अलिबाग-मुरूड रस्ता किल्ल्याच्या आतूनच जातो. त्यामुळे आपण एका जुन्या पोर्तुगीज शहरात शिरलो आणि त्यातून बाहेरही पडलो, हे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. मला हे फार खटकतं. आपल्याकडे गावाच्या डोक्यावर किल्ला असणं नेहमीचंच, पण किल्ल्याच्या पोटात नांदतं गाव, शाळा, बाजार, नारळ-पोफळीच्या वाड्या, देवळं सगळं असलेलं, असं क्वचित दिसतं. अशी जागा चालतच बघायला हवी, आणि ठिकाणांची यादी उरकत नव्हे, तर गावाला एक पूर्ण वळसा घालत.

थंडीत आई-बाबांना (दोघंही सत्तरीच्या पुढे, पण रोज चालणारे) आणि मुलांना घेऊन जायचं आहे. म्हणून विचारते:

फेरी कोणत्या बाजूने सुरू करावी? तटाच्या आतून चालावं की बाहेरून? एका सकाळी होते का? आणि खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला त्याच दिवशी जोडावा का?

---

गडवेडा

कोर्लई जोडाच. रेवदंड्याचा आकार कळतो तो कोर्लईच्या टेकडीवरूनच. खाली कुंडलिकेची खाडी, पलीकडे माडांची गर्दी आणि त्यातून डोकं वर काढणारा सातखणी (सात मजली) मनोरा. आधी वरून बघा, मग खाली उतरून चाला. आणि रेवदंड्यात चालायचं तर तटावरून. जिथे शाबूत आहे तिथे फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, मस्त जाता येतं. खालून फक्त भिंत दिसते हो.

---

अष्टागरी

मी रेवदंड्याचाच. घर तटाच्या आत, वाडी तटाला लागून. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात चौलच्या अंगाच्या दरवाजापासून करा. एसटीने किंवा विक्रम रिक्षाने आलात तर तिथेच उतरा, बाजारापर्यंत जाऊ नका. सगळे घाईत पुढे जातात, पण या दरवाजाशी थांबून वर मान करून बघा. दगडात कोरलेलं राजचिन्ह अजून ओळखू येतं. आत शिरल्यावर मुख्य रस्ता सोडून उजवीकडे, म्हणजे समुद्राकडे वळा. वाड्यांमधून पायवाटा आहेत. दोन्ही बाजूंना कुंपणं, मधे माणूस आणि सायकल जाईल एवढी जागा. पंप चालू असेल तर पाटातून पाणी पोफळींच्या बुंध्यांकडे जाताना दिसेल. तिथून तटातल्या फटीतून किनाऱ्यावर उतरायचं, तट डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालायचं, मनोऱ्यापाशी पुन्हा आत यायचं. पुढे खाडीच्या मुखाशी, मग खाडीकाठाने दर्या दरवाजा आणि बाजारातून परत. मुलं आणि आजी-आजोबा धरून, बसत-उठत, अडीच तास धरा.

कोर्लई त्याच दिवशी नको. ती टेकडी चढायची आहे, ऊन्ह लागतं, आणि दोन्ही गोष्टी अर्धवट होतात.

@गडवेडा, तुमचा उत्साह समजतो, पण तटावरून चाला असं कृपा करून कोणाला सांगू नका. बरीचशी फांजी आमच्या वाड्यांच्या मागे येते. वरून माणूस पडला तर खालच्या माणसाला निस्तरावं लागतं.

---

रानजाई

वाचनखूण साठवली. अष्टागरी, अजून लिहा.

---

दगडफूल

तटावरून चालण्याबद्दल थोडं. जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीची कामं मी जवळून बघितली आहेत, म्हणून सांगतो.

असा तट म्हणजे एक भरीव भिंत नसते. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मध्ये दगडगोटे, माती, चुना यांची भर. वरचा भाग धड असेतो पावसाचं पाणी वाहून जातं. वरचा चुना गेला की पाणी भरीत मुरतं, भर फुगते आणि बाहेरचा थर ढकलला जातो. तटाला पोट आलेलं दिसतं ते असं. अशा जागी वरून माणसं चालली की सुटलेले दगड हलतात, फटी वाढतात, पुढच्या पावसाळ्यात आणखी पाणी आत जातं. एकट्या माणसाने काही होत नाही, हे खरं. पण शनिवार-रविवार शेकडो माणसं चढू लागली तर दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

दुसरं झाडांचं. पिंपळ-वडाचं रोप हातभर असतं तेव्हा बोटांनी उपटता येतं. बुंधा मनगटाएवढा झाला की उपटू नये, मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. उत्साही मंडळी सुट्टीच्या दिवशी कोयते घेऊन येतात, झाड ओढून काढतात आणि अर्धा हात तट खाली येतो. हेतू चांगला असतो म्हणून तर जास्त वाईट वाटतं. अशी झाडं जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली छाटून, मुळं मारून, मग चुन्याने फटी भरायच्या असतात. आणि चुन्यानेच, सिमेंटने नाही. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं.

---

गडवेडा

@दगडफूल, @अष्टागरी मान्य, वाडीच्या मागच्या भागाचं मी लक्षात घेतलं नव्हतं. पण एक विचारतो. माणसांना चढूच दिलं नाही तर जिव्हाळा कसा वाटणार? सह्याद्रीतले आमचे गड वाचले ते लोक पावलोपावली फिरले म्हणूनच.

---

दगडफूल

सह्याद्रीतल्या गडावर पाऊलवाट बहुधा खडकावर असते. इथे पाय पडतो तो माणसाने रचलेल्या भरीवर. फरक एवढाच, पण मोठा आहे.

---

तिखटमीठ

आजी-आजोबा, मुलं, थंडी, रेवदंडा, आणि अजून कोणी पोपटीचं नाव काढलं नाही? धागा पोरका झाला की हो!

पायवाट, जानेवारीत जा. वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला तळाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ. वर पुन्हा पाला दाबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पाचोळा-गवऱ्यांचा जाळ. पाणी एक थेंब नाही. आधी फेरी, मग पोपटी. उलट केलंत तर फेरी होणार नाही.

---

अष्टागरी

हाहा, हे एकदम खरं. पण पोपटी वाडीच्या मालकाला विचारूनच लावा. वाळलेल्या झावळ्यांना ठिणगी पुरते.

---

खलाशी

खाडीच्या मुखाशी पोचाल तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा, तिथेच उभं राहून.

१५०८ चा मार्च. अजून रेवदंड्याचा कोटही बांधलेला नव्हता. चौल मोठं बंदर होतं आणि पोर्तुगीज जहाजं इथे नांगरून होती. त्यांचा प्रमुख लोरेन्सो द आल्मेदा, पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा, ऐन विशीतला. तेवढ्यात खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आलं, अमीर हुसेनच्या हाताखाली. पाठोपाठ दीवहून मलिक अयाझची गलबतं आली. लढाई चालली. पोर्तुगीज बाहेर निसटायला निघाले तेव्हा लोरेन्सोच्या जहाजाला भोक पडून पाणी भरत होतं. ते प्रवाहाने ओढलं जाऊन कोळ्यांनी जाळी बांधायला पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकलं. दुसऱ्या जहाजाने दोर टाकून ओढायचा प्रयत्न केला, तो फसला. लोरेन्सोच्या मांडीला गोळा लागला. त्याने स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतलं आणि तिथूनच हुकूम देत राहिला. पुढच्या गोळ्याने तो संपला.

बापाने पुढच्या वर्षी, १५०९ मध्ये, दीवला जाऊन सूड घेतला, आणि त्या लढाईने पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यात जायला लागला. एवढ्या उलथापालथीत कोळ्यांच्या खुंटांचा असा हात आहे. आजही खाडीत ओहोटीला जाळ्यांचे खुंट उघडे पडलेले दिसतात. बघताना मला हटकून ते जहाज आठवतं.

---

रानजाई

अंगावर काटा आला. एवढ्या वेळा त्या खाडीवरच्या पुलावरून गेले आहे आणि हे माहीत नव्हतं.

---

बखरकार

खलाशींनी छान लिहिलंय. त्याला जोडून किल्ल्याचा क्रम देतो, म्हणजे चालताना काय कधीचं ते कळेल.

१५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे कोट बांधायला घेतला. तो आधी लहान होता, पुढे शहर वाढत गेलं तसा तटही वाढत गेला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहने मोठा वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. १५९४ ला समोरचं कोर्लई पोर्तुगीजांनी घेतलं, आणि मग खाडीच्या दोन्ही बाजू त्यांच्या झाल्या. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी रेवदंड्याला वेढा दिला. तो वेढा सुटावा म्हणून व्हाइसरॉय गोव्याहून मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्यावर चालून गेला. तिथे महाराज स्वतः आले आणि त्याला पळता भुई थोडी झाली. फोंड्याची लढाई सगळ्यांना माहीत असते, पण तिचा एक धागा रेवदंड्याच्या तटापासून सुरू होतो, हे तिथे उभं राहून आठवावं. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर इंग्रज.

एक आग्रह आहे. या किल्ल्याबद्दल लिहिताना काही जण फक्त पोर्तुगीज वैभवात रमतात. इथे धर्मसत्ता आणि राजसत्ता हातात हात घालून आल्या होत्या, हेही सांगायला हवं.

---

माहेर_चौल

@बखरकार, सांगायला हवंच. पण मग चौलही सांगायला हवं! रेवदंडा जन्मायच्या कितीतरी आधीपासून आमचं चौल होतं. ग्रीक-रोमन लोकांच्या लिखाणात या बंदराचं नाव आहे, अरब प्रवाशांनी त्याचं वर्णन केलंय. तटाच्या आत फेरी मारून परत जाणाऱ्यांनी निदान रामेश्वराच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं टेकावं. दत्ताच्या टेकडीवरून दिसणारा सगळा हिरवा पट्टा एकेकाळी शहर होता. मार्गशीर्षात दत्तजयंतीला गेलात तर यात्रा मिळेल, पण मग शांतपणे चालायला मिळणार नाही.

आणि वाड्यांबद्दल. जून २०२० मधलं निसर्ग वादळ आठवा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली माडं-पोफळी एका दुपारी आडवी झाली. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सहा वर्षं जातात, माडाला त्याहून जास्त. आता जी हातभर-पुरुषभर उंच झाडं दिसतील ती त्यानंतरची लागवड आहे. पायवाटेवरून चालताना मुलांना बाजूला पळू देऊ नका, रोपं तुडवली जातात. अंगणात सुपारी वाळत घातलेली असते, त्यावरूनही उड्या मारू नका. रागावून नाही सांगत. आईने दोन वर्षं रोज त्या रोपांना पाणी घातलंय.

---

पायवाट

@माहेर_चौल, हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. मुलांना जाण्याआधीच वाचून दाखवते.

@अष्टागरी, वाडीतून जाताना परवानगी कशी मागायची? की तो रस्ता सगळ्यांचा आहे?

---

अष्टागरी

काही वाटा गावाच्या, काही घरच्या. बाहेरच्या माणसाला फरक कळणार नाही. फाटक दिसलं की थांबा आणि हाक मारा. "काकू, मनोऱ्याकडे इथून जाऊ का?" एवढं पुरतं. नव्वद टक्के वेळा काकू स्वतः वाट दाखवायला येतील आणि कुठून आलात, कोणाचे, सगळं विचारतील. शहाळं मिळतं का तेही तिथेच विचारा. दुकानातल्यापेक्षा ताजं.

---

थेम्सकाठ

वाचतेय आणि हेवा वाटतोय. मी राहते त्या देशात असे वळसे फार चालले जातात. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेटमध्ये कॉर्फ कॅसल म्हणून गाव आहे, टेकडीवर पडका किल्ला आणि पायथ्याशी करड्या दगडाची घरं. यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढलेला तो किल्ला १६४६ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने सुरुंग लावून पाडला. त्याचे दगड गावातल्या घरांना लागले. किल्ला आणि गाव यांचं नातं मला तिथे फार जाणवतं. पायवाटांना कायद्याचं संरक्षण आहे, वळणावळणावर खांबावर बाण आहेत, शेतातून जायचं तर उघडून पुन्हा लावायची फाटकं आहेत. कोणाला विचारावं लागत नाही.

रेवदंड्यात असे बाण लावले तर? चार-पाच खांब, मराठीत नीट दोन ओळी. लोक भलत्या वाडीत घुसणार नाहीत.

---

गडवेडा

+१. जोरदार अनुमोदन.

---

अष्टागरी

@थेम्सकाठ, कल्पना चांगली आहे, पण दोन गोष्टी. बाण लागले की ती वाट आपोआप सगळ्यांची होते असं लोक धरून चालतात, आणि आमच्या वाडीतून दिवसाला दोनशे माणसं गेलेली आम्हाला झेपणार नाहीत. आज माणूस हाक मारून येतो. त्याची ओळख होते, तो नीट वागतो. बाण बघून येणारा कोणाशी बोलणार?

दुसरं, गावातल्यांची आधीच ओढाताण चालू असते. संरक्षित स्मारकाच्या आसपास १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. नियम योग्य आहे, नाही तर तटाला चिकटून तीन मजली हॉटेलं उभी राहिली असती. पण घराचं छप्पर गळतंय आणि कागद फिरताहेत, असे दिवस आमच्या आळीत लोकांनी काढलेत. वादळानंतर तर फारच. बाहेरचे म्हणतात किल्ला जपा. आम्ही त्यात राहतो म्हणूनच तो जपला गेलाय, हेही कोणी म्हणावं असं वाटतं. ओस पडलेल्या किल्ल्यांचे दगड कुठे कुठे गेले ते तुम्ही सगळे बघताच.

---

दगडफूल

अगदी. वस्ती असली की रोज कोणाची तरी नजर असते. तटाला नवी भेग पडली तर पहिल्यांदा वाडीवाल्यालाच दिसते. बाण हवेत असं मलाही वाटतं, पण ते किनाऱ्यावर आणि मुख्य रस्त्याला. वाड्यांत नकोत.

---

थेम्सकाठ

हे पटलं. इथे शेतकऱ्यांची तक्रार हीच असते, की वाट हक्काची झाली की माणसं बोलत नाहीत. किनारा आणि मुख्य रस्ता, एवढंच बरं.

---

नवगाव

अवांतर वाटेल, पण फेरीत एक जागा सगळे चुकवतात. रेवदंड्यात बेने इस्रायलींचं, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, बेथ एल सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, १८४२ चं. अलिबाग परिसरातल्या गावांत आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी, सणाला पुरणपोळीच्या जोडीला आमचे आमचे पदार्थ. आता इथली बहुतेक कुटुंबं मुंबईला किंवा इस्रायलला गेली. तटाच्या गावात एका फेरीत देवळं, चर्चचे अवशेष आणि सिनेगॉग भेटतात, हे मुलांना जरूर दाखवा.

---

खलाशी

@नवगाव, अवांतर कसलं, हेच तर मुद्द्याचं आहे. त्यात कोर्लईही आलं. १७४० ला पोर्तुगीज निघून गेले, पण कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली अजून घरात बोलली जाते. तिच्यात मराठी पुष्कळ मिसळलीये. बोलणारे हजाराच्या आसपास. आणि तटाच्या आत हायस्कूलच्या आवारात एक स्मारक आहे, रशियन व्यापारी अफनासी निकितीनचं. वास्को द गामाच्या आधी काही दशकं हा माणूस चौल बंदरात उतरला, बरोबर विकायला एक घोडा. तो घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, मग परत देतो. खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने रदबदली केली म्हणून घोडा सुटला. मग तो बिदरला गेला. इथली माणसं कशी राहतात, काय खातात, पावसाळा कसा असतो, हे सगळं त्याने लिहून ठेवलंय.

---

तिखटमीठ

जुन्नरच्या खानाला पोपटी दिली असती तर घोडा लगेच सोडला असता.

---

गडवेडा

तिखटमीठ, तुम्ही प्रत्येक वेढा मडक्याने उठवणार!

---

बखरकार

निकितीनच्या घोड्यावरून आठवलं. अलिबागहून येताना आक्षी लागतं. तिथे शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी तो मानला जातो. रस्त्यावरच आहे, पाच मिनिटं थांबा. गाढव कोरलेला दगडही दिसेल.

---

रानजाई

गाढव कशासाठी?

---

बखरकार

गद्धेगाळ. दान दिलेली जमीन किंवा हक्क कोणी हिरावला तर त्याला दिलेली शिवी दगडात कोरायची. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही चित्रावरून कळावी म्हणून.

---

माहेर_चौल

धागा आक्षीला पोचला, आता नागाव, मग अलिबाग, मग मांडवा, की पायवाट बोटीत बसून घरी! बिचारीला कुठून सुरू करायचं ते नक्की सांगा रे.

---

अष्टागरी

बरोबर. एक गोष्ट राहिलीच होती, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. भरती.

किनाऱ्याचा टप्पा ओहोटीलाच करायचा. भरतीला काही ठिकाणी पाणी तटाच्या जवळ येतं, वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि म्हाताऱ्या माणसांना दगडांवरून चालावं लागतं. वेळ काढायचा आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. त्याच्या सुमारे सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला भरती असते आणि पाणीही मोठं असतं, त्या दिवशी सकाळी सव्वासातच्या आत किनारा करून घ्या, नाही तर किनाऱ्याचा टप्पा संध्याकाळवर ठेवा. चतुर्थी ते षष्ठी हे दिवस तुमच्यासाठी उत्तम. शुक्ल असो वा कृष्ण, फरक नाही.

---

खलाशी

हिशोब बरोबर. अर्धा तास इकडेतिकडे धरा.

---

गडवेडा

मी माझा पहिला सल्ला बदलतो. कोर्लई वेगळ्या दिवशी ठेवा. पण खाडीच्या मुखाशी जाल तेव्हा समोरची टेकडी नीट बघा. दोन्ही किनाऱ्यांवरच्या तोफांच्या मधून जहाजाला जावं लागायचं, हे तिथे एका नजरेत कळतं.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. षष्ठी धरून गेलो होतो, म्हणजे साडेचारला भरती आणि साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. अष्टागरींच्या क्रमाने गेलो, तोच योग्य आहे. उलट्या बाजूने गेलो असतो तर बाजारापासून सुरुवात झाली असती, आणि मुलं तिथेच अडकली असती.

चौलकडच्या दरवाजाशी बाबा बराच वेळ उभे राहिले. वरच्या राजचिन्हाकडे बोट दाखवून धाकट्याला विचारत होते, मुकुट दिसतो का. त्याला आधी दिसेना. मग ऊन्ह सरकून तिरपं पडलं तेव्हा त्यालाच आधी दिसला. वाडीत हाक मारली तर एक आजी आल्या आणि त्यांनीच वाट दाखवली. पाटाचं पाणी एका अळ्यातून दुसऱ्यात कसं वळवतात ते मुलांनी पाहिलं. आजींनी फावड्याने मातीचा बांध ओढला, एक तोंड बंद, दुसरं सुरू. मोठीला करू दिलं. तिने तीन झाडांना पाणी दिलं.

मनोऱ्याचे सगळे मजले आता उभे नाहीत, तरी खालून वर बघताना मान दुखते. पायथ्याशी तोफा आहेत. एका तोफेवर कोणी तरी खिळ्याने नाव कोरलंय. ते बघून आईला फार वाईट वाटलं, मला संताप आला. शेजारी चर्चच्या कमानींमध्ये पिंपळ आहेत, दगडफूल म्हणाले तसे, मनगटाहून जाड. हात लावला नाही.

खाडीच्या मुखाशी खलाशींची गोष्ट सांगितली. ओहोटी होती, खुंट दिसत होते. धाकटा म्हणाला, मग जहाज त्यांनी का नाही आधी वळवलं? याचं उत्तर कोणी तरी द्या.

---

खलाशी

त्याला सांगा, पाणी भरलेलं जहाज सुकाणूला दाद देत नाही. वर वारा नव्हता आणि ओढ जोरात होती. आणि शाब्बास म्हणा.

---

दगडफूल

तोफेवरचं ताजं कोरकाम असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीकडे द्या. जुनं असेल तर घासून काढायला जाऊ नका, गंज वाढतो.

---

अष्टागरी

पायवाट, फोटो मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. सोमवारी मी पंचायतीत जातोच आहे, तटाला पडलेल्या एका भेगेचा अर्ज द्यायचा आहे. त्याला जोडतो.

---

तिखटमीठ

आणि पोपटी?

---

पायवाट

शेंगा अजून भरल्या नाहीत म्हणाल्या आजी. जानेवारीत बोलावलंय. येताना पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या.